बरं

झटक्यानंतर अण्णांच्या तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला.
बाकीचे डाव्या मेंदूच्या कुठल्याशा बोळात
फ्यूज उडून बसलेत, असं मी गिऱ्हाइकांना सांगते.
तापकीर गल्लीत एवढं सांगितलं की पुरतं.

एरंडवण्याच्या थेरपिस्ट, गौतमी पेंडसे, माझ्याहून लहान,
कागदावर लिहून देतात:
एका वेळी एकच प्रश्न.
टीव्ही बंद.
दहापर्यंत मोजा, मधे शब्द पुरवू नका.

मी तीनपर्यंत मोजते आणि पुरवते.
चहा? चहा हवाय? दुधाचा? की कोरा?
बरं, म्हणतात अण्णा.
चहा निवतो, साय धरतो.
त्यांना पंखा कमी करून हवा होता.

पण हाच माणूस काउंटरमागे बसवला की बघा.
दीडची वायर घ्यायला आलेला म्हणतो,
अण्णा, बंडलामागे शंभर सोडा.
बरंऽऽ
लांबवलेलं, शेवटाला जरा वर उचललेलं,
म्हणजे: बोल अजून, ऐकतोय.
तो बोलतो. आपणच साठावर येतो. आपणच चाळिसावर.
मी कॅल्क्युलेटर हातात धरून बघत राहते.

टेबलफॅन आपटत आलेली बाई,
तुम्ही लोक ना, तुम्ही लोक,
तिला दोनदा, खालच्या पट्टीत, बरं, बरं,
तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसं.
ती स्टुलावर टेकते.
कॅपॅसिटर गेलाय, मी म्हणते, वीस मिनिटं लागतील.
उद्या ह्यांचं ऑपरेशन आहे, ती म्हणते.
पंख्याबद्दल पुढे काहीच नाही.

आणि कॉन्ट्रॅक्टर शिर्के. आठ महिने, चौऱ्याऐंशी हजार.
मी फोन केले, मेसेज केले,
गोड बोलले, आवाज चढवला,
पोरींनी असं बोलू नये, हे त्यानं मलाच ऐकवलं.
परवा शहाळं घेऊन तब्येत बघायला आला.
साइट अडकलीय, पार्टी पैसे सोडत नाही, महिनाअखेर नक्की.
अण्णा नुसते बघत राहिले.
दहा नाही. मी मोजलं. एकवीस.
मग: बरं.
सपाट. डोक्यावरच्या टिंबासकट.
शिर्क्यानं चेकबुक काढलं.
अर्धेच लिहिले, पण लिहिले.

चाळीस वर्षं हा माणूस बडबडूनच विकत आला,
मला वाटायचं, जोर बडबडीत आहे.

रविवारी वाकडहून श्रीरंग आला.
लॅपटॉपवर गाळ्याचा आजचा भाव दाखवला,
सावकाश, समोर बसून, टीव्ही बंद करून.
कागद त्यानंही वाचला होता.
अण्णा, विकूया?
आणि तो खरोखर थांबला, ओठ न हलवता दहा मोजले,
त्यामुळे मला त्याचा नीट रागही येईना.
अण्णांनी माझ्याकडे पाहिलं,
मग त्याच्या चार्जरच्या वायरीकडे,
टोकाशी सोललेली, आतलं तांबं दिसत होतं.
बरं, म्हणाले.

श्रीरंगनं ते होकारात धरलं.
मी नकारात.
आई आतून म्हणाली, वायरीबद्दल बोलतायत ते,
टेप लाव म्हणतायत.

रात्री मी ते बरं पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं,
वर उचलून, सपाट करून, मधेच तोडून,
बाथरूममध्ये नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.
एकदा त्यांच्यासारखं जमलं,
पण अर्थ तेवढ्यात निसटला.

सोमवारी शटर वर केलं, उदबत्ती लावली,
त्यांना स्टुलावर नीट बसवलं, उजवा हात मांडीवर ठेवला,
आणि विचारलं. एकच प्रश्न.
विचारून गप्प बसले.
गल्लीत टेम्पो मागे येत होता, हमाल शिव्या देत होता,
नऊ, दहा,
त्यांचा जबडा हलला, काहीतरी शोधत असल्यासारखा,
चौदा, पंधरा,
बरं नव्हतं ते, ओठ मिटून सुरू होणारं दुसरंच काही,
अठरा,
ताई, पितळी होल्डर आहे का?
आहे, मी म्हणाले,
आणि आकडा विसरले.